सिस्टर आणि साडेपाचशे वर्षांची बाकं

फर्निचरच्या दुकानात गेल्या की सिस्टर आधी खुर्ची उलटी करत. विक्रेता धावत यायचा, "आंटी, आंटी, कॅनॉट लाह!" म्हणून हात जोडायचा. पण तोवर खुर्चीचे चारही पाय छताकडे झालेले असत आणि सिस्टर चष्मा कपाळावर चढवून तिच्या बुडाशी नाक नेऊन बघत असत. "माणसाचं तोंड बघून निदान करायचं नसतं," त्या मला सांगत, "पोट दाबून बघायचं असतं." मग खुर्ची सरळ करून, विक्रेत्याला थँक यू म्हणून बाहेर पडत. मी त्यांच्याकडे होते त्या दोन वर्षांत त्यांनी एकही खुर्ची विकत घेतली नाही.

मी त्यांची भाडेकरू. सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या एका जुन्या सरकारी इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांचा तीन खोल्यांचा फ्लॅट होता, त्यातली मागची खोली माझी. मी चांगी बिझनेस पार्कातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे. एम्प्लॉयमेंट पासवर होते. म्हणजे नोकरी आहे तोवर देश आपला. गणपतीच्या एका कार्यक्रमात बँकेतल्या एका काकांनी मला या घराचा पत्ता दिला आणि म्हणाले, "बाई जरा तऱ्हेवाईक आहेत. पण मराठी आहेत."

मराठी होत्या, आणि ती मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी चकित झाले. त्या नगरच्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मिशनच्याच इस्पितळात नर्सिंगचे पहिले धडे घेतलेल्या. विशीत इंग्लंडला गेल्या, तिथून सिंगापूरला नोकरी मिळाली आणि त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. त्यांची मराठी चाळीस वर्षांपूर्वी नगर सोडताना होती तशीच राहिली होती. त्या 'हॉस्पिटल' म्हणत नसत, 'इस्पितळ' म्हणत. चर्चला 'देऊळ' म्हणत. मला आधी 'बाई' म्हणत आणि काळजी वाटली की 'लेकरा'. काळजी त्यांना सारखीच वाटायची. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

काळजी हा त्यांचा व्यवसायच होता असं मला पुढे वाटायला लागलं. गॅस बंद केला का हे त्या तीनदा बघत आणि चौथ्यांदा मला बघायला पाठवत. मी टॅक्सीत बसले की खाली उभ्या राहून नंबर लिहून घेत. सकाळी रेडिओवर इंग्लंडचं हवामान ऐकत आणि जेवताना एकदम म्हणत, "आज तिकडे वारा फार आहे." 'तिकडे' म्हणजे कुठे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, कारण घराच्या भिंतींवर 'तिकडे'च लावलेलं होतं.

पहिल्या दिवशी मला ते एक्स-रे वाटले. काळ्या तावांवर पांढऱ्या रेषा, काचेच्या चौकटीत बसवलेल्या. निवृत्त नर्सच्या घरात एक्स-रे असणार, इतपत मी समजूत करून घेतली. मग जवळ गेले तर पाद्र्याचा झगा घातलेला एक कोल्हा दिसला. तो उपदेश करत होता आणि समोर चार हंस माना वर करून ऐकत होते. पलीकडच्या चौकटीत दाढ दुखणारा माणूस गालाला हात लावून बसला होता.

"हे छाप आहेत," सिस्टर मागून म्हणाल्या. "नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतेस ना, तसे. पण नाणं नव्हे, लाकूड. ओक. साडेपाचशे वर्षांचं."

इंग्लंडच्या पूर्वेकडे सपाट मुलखात एक खेडं आहे. एकेकाळी तिथले लोक मेंढ्यांच्या लोकरीवर गब्बर झाले आणि त्या पैशातून त्यांनी गावाच्या मानाने भलतंच मोठं देऊळ बांधलं. आत बसायला ओकची बाकं केली. प्रत्येक बाकाच्या कडेला उभी जाड फळी, आणि त्या फळीवर कोरीव काम. कोणी कोरलं त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण सिस्टरांना ती माणसं ओळखीची होती. दोघे होते, त्या म्हणत. एकाला प्राणी जमायचे आणि माणसांचे हात जमायचे नाहीत, म्हणून त्याची माणसं हात बगलेत नाहीतर झग्यात लपवून बसलेली. दुसरा डावरा होता. "घाव बघ कुठून सुरू होतो," म्हणून त्या छापावर बोट न टेकवता, वरून हवेतच फिरवून दाखवत.

पुढे धर्माच्या भांडणात लोक हातोडे घेऊन देवळात शिरले. संतांची डोकी उडवली, रंगीत काचा फोडल्या. कोल्ह्याला कोणी हात लावला नाही. "संत ओळखू आले म्हणून गेले," सिस्टर म्हणत. "कोल्ह्याकडे बघून प्रत्येकाला शेजारचाच आठवला असेल, स्वतःची आठवण कोणाला झाली नाही. वाचला बिचारा."

हे सगळं त्या मला भाजी चिरताना, इस्त्री करताना सांगत. ज्या देवळात त्या पस्तीस-चाळीस वर्षांत पुन्हा गेल्या नव्हत्या, त्याच्या छपरातून गळणाऱ्या पाण्यासाठी त्या तोआ पायोहमध्ये बसून हवालदिल होत. मला हसू यायचं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझी काळजी वेगळ्या जातीची होती. कंपनीत दर महिन्याला कोणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. सांगलीहून आई फोनवर विचारायची, "नोकरी पक्की आहे ना गं?" आणि मी म्हणायचे, "अगदी."

मग सार्सच्या साथीचं ते वर्ष आलं.

एप्रिल लागला आणि शहराचा चेहराच बदलला. ऑफिसच्या दारात ताप मोजायला माणूस उभा राहिला. एमआरटीच्या डब्यात कोणी खोकलं की आजूबाजूची जागा रिकामी व्हायची. सिस्टरांनी घरातही नियम लावले: बाहेरून आलं की कपडे बादलीत, हात कोपरापर्यंत, आणि मग ताप. थर्मामीटरची काच तोंडात धरून मी दाराशी उभी राहायचे आणि त्या घड्याळ बघत राहायच्या. साथ वाढली तशी त्यांना रात्रंदिवस एकच वाटायचं, आपण इस्पितळात असायला हवं. जुन्या वॉर्डात फोन करून त्यांनी विचारलंही. तिकडून कोणीतरी फार नम्रपणे सांगितलं की या वयाच्या लोकांनी घरीच राहावं. फोन ठेवून त्या बराच वेळ गॅसचं बटण बघत उभ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात इंग्लंडहून पत्र आलं.

त्या खेड्यात सिस्टरांची एक मैत्रीण होती, शेतकऱ्याची विधवा, त्यांच्याच वयाची. चाळीस वर्षं दोघींचं टपाल चालू होतं. मैत्रिणीनं लिहिलं होतं की देवळाच्या कारभाऱ्यांनी बाकं काढून टाकायचं ठरवलंय. गावात बसायला-उठायला दुसरी जागा नाही, देवळात घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र ठेवलं तर माणसं येतील, असं त्यांचं म्हणणं. एक तज्ज्ञ येऊन बघून गेला होता. तो म्हणाला की ही बाकं जुनी नाहीतच. शे-दीडशे वर्षांपूर्वी केलेल्या नकला आहेत. दारावर नोटीस लागली होती. चार आठवड्यांत हरकत घ्यायची, नाहीतर काम सुरू. पत्र पोचेपर्यंत त्यातले अकरा दिवस उरले होते.

सिस्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मग पलंगाखालून प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये ठेवलेला गठ्ठा ओढला. भिंतीवर होते त्याच्या चौपट छाप त्यात होते.

"त्याला दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला दिसणारच नाही. हे बघ."

त्या तिथून निघून आल्यावर गावानं देवळात ऊब राहावी म्हणून जमिनीवर लाकडी तक्तपोशी घातली, त्यांनी समजावलं. जमीन वीतभर वर आली आणि कडेच्या फळ्यांचा खालचा भाग तिच्याखाली गेला. वरचा भाग कधीतरी घासूनपुसून, पॉलिश करून इतका गुळगुळीत केलेला की नवाच वाटावा. पण खाली कोणी पॉलिश केलं नव्हतं. खाली सुताराच्या वाकसानं तासलेले घाव जसेच्या तसे होते, यंत्राच्या करवतीचे नव्हेत, हाताचे. आणि खाली छोटी छोटी चित्रं होती, घोट्यांच्या उंचीची. कुत्रा. जपमाळ हातात घेऊन झोपी गेलेली म्हातारी. हे सगळं सिस्टरांच्या कागदावर होतं, आणि आता जगात दुसऱ्या कुठल्या कागदावर नव्हतं.

"मग पाठवून द्या हे," मी म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं मूत्रपिंड मागितलं होतं.

दोन दिवस त्या ठरवत होत्या. कुरियरनं पाठवावं तर भिजेल. टपालानं पाठवावं तर हरवेल. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ऑफिसातून घरी पाठवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी चार दिवस तापानं घरी होता, तो आजारी काकांना बघायला एका इस्पितळात गेलेला होता. त्याला सार्स झाल्याचं निष्पन्न झालं होतं. संध्याकाळी मास्क लावलेला एक सरकारी माणूस आला, माझी सही घेऊन दहा दिवस घराबाहेर न पडण्याचा हुकूम दिला, हॉलमध्ये फोनला जोडलेला एक छोटा कॅमेरा बसवला. दिवसातून केव्हाही फोन वाजणार, मी त्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून तोंड दाखवायचं आणि तापाचा आकडा सांगायचा.

"हुकूम फक्त हिच्यावर आहे," तो सिस्टरांना म्हणाला. "तुम्ही बाहेर जाऊ शकता."

"मी नर्स आहे," सिस्टर म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या खरंच दहा दिवस उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. शेजारची चिनी आंटी भाजी-दूध दाराबाहेर ठेवून जायची. आणि घरातला एकही कागद बाहेर जाणार नाही हेही त्यांनीच ठरवलं. "मी चाळीस वर्षं लोकांना संसर्ग शिकवला. आता माझ्या घरातला रोग पाकिटात घालून म्हाताऱ्या मैत्रिणीला पाठवू?" मी म्हटलं, कागदावर इतके दिवस काही जगत नाही. त्या म्हणाल्या, "नवा रोग आहे. तुला ठाऊक आहे का? मला नाही."

मला अपराधी वाटत होतं. माझ्यामुळेच हे सगळं अडकलं होतं. म्हणून मीच सुचवलं की माझा डिजिटल कॅमेरा आहे, छापांचे फोटो काढू, ई-मेलनं पाठवू. मैत्रिणीच्या मुलीचा ई-मेल पत्ता पत्रात होताच. ई-मेल या गोष्टीवर सिस्टरांचा विश्वास नव्हता, पण दुसरा रस्ताही नव्हता. एक दिवस फ्लॅशनं छाप उडतील का यावर गेला. मग खिडकीच्या उजेडात, हॉलच्या फरशीवर चादर अंथरून आम्ही एकेक छाप ठेवला. मी स्टुलावर चढून फोटो काढत होते आणि सिस्टर खाली गुडघ्यांवर, कागदाचे कोपरे धरून. मध्येच फोन वाजायचा, मी उडी मारून कॅमेऱ्यापुढे उभी राहायचे, "छत्तीस पॉइंट आठ," म्हणायचे आणि परत स्टुलावर.

त्याच दुपारी मी त्यांना विचारलं, "तुम्ही इतक्या खालचे छाप घेतले तरी कशाला? तिथवर कोणाची नजर जात असेल?"

त्या कागद सरळ करत करत म्हणाल्या, "इस्पितळातून दर रविवारी सुट्टी मिळायची तेव्हा मी त्या देवळात जायची. सगळ्यांत मागच्या बाकावर. माझ्या बाकावर कोणी बसत नसे. पुढे दाटीवाटीनं बसतील, पण माझ्या शेजारी नाही. वाईट नव्हते गं ते. दारात हात मिळवायचे, हवापाण्याचं बोलायचे. फक्त बसायचे नाहीत. आठ महिने. मग मी मान खाली घालून बसायची आणि खाली तो कुत्रा आणि ती म्हातारी दिसायची. त्यांच्याशीच ओळख झाली. पुढे एके दिवशी एक शेतकरीण उशिरा आली आणि धापा टाकत माझ्या शेजारी बसली. तीच ही."

"आणि त्या गावासाठी तुम्ही जीव टाकताय?"

"गावासाठी कुठे?" त्या म्हणाल्या. "पुढचा कोपरा धर."

फोटो झाले. पत्र मात्र होईना. सिस्टर हातानं लिहीत, मी टाइप करी, त्या वाचत आणि म्हणत, "हे उद्धट वाटतंय." पुन्हा. "आता हे भीक मागितल्यासारखं वाटतंय." पुन्हा. शेवटी नोटिशीच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी पत्र, फोटो, सगळं लॅपटॉपवर जोडून तयार झालं. फक्त पाठवायचं राहिलं.

"उद्या सकाळी एकदा ताज्या डोळ्यांनी वाचू," सिस्टर म्हणाल्या. "तिकडची सकाळ व्हायला आपली दुपार होते. वेळ आहे."

सकाळी मला ताप होता.

घसा जड होता, अंग मोडून आलं होतं. सरकारी थर्मामीटरवर अडतीस पॉइंट एक. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी स्वतःची काच काढली, झटकली, माझ्या तोंडात दिली. तेच.

"मला फक्त एक गोळी द्या," मी म्हणाले. "फोन यायच्या आत उतरेल."

"गोळीनं आकडा उतरेल. रोग उतरणार नाही."

"सिस्टर, मला घेऊन जातील. कंपनीला कळेल. माझी नोकरी जाईल. तुम्हाला कळतंय का? मला इथून जावं लागेल!"

त्या फोनकडे निघाल्या. मी आडवी आले. खरंच आडवी आले. सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या वाटेत, दोन्ही हात पसरून. त्या म्हणाल्या, "सरक लेकरा." आणि मग मी जे बोलले ते आजही आठवलं की जीव कसनुसा होतो.

"तुम्हाला माझं काही नाही. लाकडासाठी रडता, माणसाला मात्र घालवून देताय."

मला बाजूला करून सिस्टरांनी नंबर फिरवला. दोनदा चुकला. मग मास्क बांधून त्यांनी माझी पिशवी भरली: दात घासायचा ब्रश, दोन गाउन, चार्जर, लिमलेटच्या गोळ्या. अंगभर पांढरे सूट घातलेले दोघे आले. लिफ्टपर्यंत जाताना मी मागे वळून बघितलं नाही.

इस्पितळात मला एकटीला एका खोलीत ठेवलं. काचेचं दार, बाहेर डोळ्यांपुरती माणसं. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, निकाल उद्या म्हणाले. मी छताकडे बघत पडले. शेजारच्या टेबलावरचा तो सहकारी कृत्रिम श्वासावर आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. आईला फोन करावा की करू नये हे ठरत नव्हतं. दुपार कलली आणि मला एकदम आठवलं: ई-मेल. मुदतीचा शेवटचा दिवस, आणि ज्या बाईनं आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता तिच्या घरात माझा लॅपटॉप.

मी मोबाइलवरून घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"ताप?" सिस्टर म्हणाल्या.

"अडतीसच आहे. सिस्टर, लॅपटॉप उघडा."

"श्वास लागतोय का?"

"नाही. लॅपटॉप उघडा. वर गोल बटण आहे ते दाबा."

मग त्यांचा आवाज, कुजबुजल्यासारखा: "उजेड आला."

पुढची चाळीस मिनिटं मी त्यांना स्क्रीनवरून चालवत नेलं. मी डोळे मिटून ती स्क्रीन आठवत होते आणि त्या बघतील ते वाचून दाखवत होत्या, घड्याळासकट. "बाण दिसतोय?" "होता. गेला." "बोट हळू फिरवा." "हळूच फिरवतेय गं. तोच धावतोय." एकदा सगळं नाहीसं झालं आणि त्या इतक्या घाबरल्या की फोन खाली पडल्याचा आवाज आला. एकदा माझी नर्स आत आली, मी तिला हातानं थांब म्हटलं, ती माझं बोलणं ऐकत उभी राहिली. अखेर ते पत्र उघडलं.

"आता वर 'सेंड' लिहिलंय. त्यावर बाण न्या आणि दाबा."



"सिस्टर?"

"तिसऱ्या ओळीत एक शब्द बरोबर नाही."

"सिस्टर, दाबा!"

टक् असा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "गेलं म्हणतोय." आणि लगेच, "रडू नकोस. घसा दुखेल." मी रडत होते हे मला त्यांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. त्या तशाच फोनवर राहिल्या. फोन ठेवला नाही. बॅटरी संपली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

मला सार्स नव्हता. टॉन्सिल सुजल्या होत्या. तीन दिवसांनी सोडलं. दार उघडलं तेव्हा सिस्टरांनी मला आधी बादली दाखवली, मग हात धुवायला लावले, मग ताप बघितला. आणि मग प्रथमच, दोन्ही हातांत माझा चेहरा धरला. मी माफी मागायचा प्रयत्न केला. "खिचडी निवतेय," त्या म्हणाल्या. तो सहकारीही महिन्याभरानं बरा होऊन घरी गेला.

इंग्लंडहून उत्तर यायला पावसाळा उलटावा तितका वेळ लागला. मैत्रिणीनं ते फोटो हरकतीला जोडले होते. ते बघून दुसरा तज्ज्ञ आला आणि त्यानं तक्तपोशीची एक फळी उचलायला लावली. सिस्टर म्हणत होत्या ते अर्धं खरं निघालं. डाव्या रांगेतली बाकं नकला होत्या, ती जाणार. उजवीकडची अकरा खरी जुनी, ती राहणार. पण तक्तपोशीखाली इतकी वर्षं ओल धरलेली. खालचं लाकूड कुजून भुसा झालं होतं. कुत्रा गेला होता. म्हातारी गेली होती.

मी म्हटलं, "बाकं तर वाचली ना?" सिस्टर म्हणाल्या, "आता खालून हवा लागेल. लाकूड तडकेल." आणि आतल्या खोलीत गेल्या.

पुढच्या वर्षी गावानं त्यांना बोलावलं. अकरा बाकं दुरुस्त होऊन परत बसणार होती, मोठे धर्मगुरू येणार होते, रविवार ठरला होता. छापांवरून म्हातारी आणि कुत्रा नव्यानं कोरून घ्यावेत असाही गावाचा विचार होता. त्याला सिस्टरांनी लिहून कळवलं की तसं मुळीच करू नये; मेलेल्या माणसाला रंग लावून खुर्चीत बसवत नाहीत. कुजलं तिथे साधं ओक बसवा. मात्र छाप त्या स्वतः घेऊन जायला तयार झाल्या. विमानात गठ्ठा वर ठेवू द्यायला तयार नव्हत्या. चांगीवर मी त्यांना सोडायला गेले तेव्हा आमच्या मागची रांग खोळंबली होती आणि त्या गणवेशातल्या मुलीला सांगत होत्या की हे वाकत नाही, वाकवायचं नाही, आणि याच्यावर काही ठेवायचं नाही. तीन आठवडे राहणार होत्या.

त्या गेल्यावर दहाव्या दिवशी कंपनीनं आमचा सगळा विभाग बंद केला. मला एका खोलीत बोलावून अतिशय गोड शब्दांत सांगितलं. पास रद्द होणार होता, शनिवारपर्यंत देश सोडायचा. मी सिस्टरांना कळवणार नव्हते. पण त्यांचा ठरलेला फोन आला आणि "ताप वगैरे नाही ना?" या प्रश्नावर माझा आवाज फुटला. मी सांगितलं. किल्ली शेजारच्या आंटीकडे देईन म्हणाले. घर स्वच्छ करून ठेवीन म्हणाले. देऊळ कसं आहे विचारलं.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "मला मोठं आठवत होतं." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी बॅगेवर बसून चेन ओढत होते तेव्हा दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. दारात सिस्टर उभ्या होत्या. विमानातल्या चुरगळलेल्या कपड्यांत, हातात फक्त पर्स. छाप तिकडे ठेवून आल्या होत्या.

"तुम्ही?" मी म्हणाले. "रविवार परवा आहे ना!"

"आहे."

"मग? सगळं गाव तुमच्यासाठी... सिस्टर, तुम्ही चाळीस वर्षं... आणि इथे येऊन काय होणार आहे? पास काही मिळणार नाही. मी सगळीकडे विचारलं."

"ते मला ठाऊक आहे," त्या चपला काढत म्हणाल्या. "बाकं साडेपाचशे वर्षं थांबलीत. त्यांना माझी घाई नाही."

"मग आलात कशाला?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातातली पर्स कुठे ठेवावी हे न सुचल्यासारख्या.

"अगं, घरातून माणूस निघतं," त्या म्हणाल्या, "तेव्हा घरात कोणी नको का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लिफ्टपर्यंत आल्या. खाली टॅक्सी उभी होती. लिफ्टचं दार लागताना त्या मला विचारत होत्या, पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेवलास ना, तिकीट वेगळं ठेवलंस ना, सांगलीला पोचल्यावर कितीही वाजले असतील तरी फोन करशील ना. मी हो म्हणत होते. दार लागलं तरी मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत येत होता.